मुक्काम

नकाशा इथेच पसरा. टेबल कपड्यांच्या घड्या घालायचं आहे,
पण तुमचं मशीन थांबायला अजून सव्वीस मिनिटं आहेत,
आणि एवढी मोठी सपाट जागा या गावात
दुसरी फक्त चर्चच्या तळघरात.

तर, तळ कुठे ठोकायचा.
तुमच्या नवऱ्याने कर्कटकाने वर्तुळं काढलीत, छान काढलीत,
झायनचं, ब्राइसचं, ग्रँड कॅन्यनच्या उत्तर कड्याचं,
आणि तिन्ही जिथे एकमेकांवर चढतात
तिथे हा एवढासा ठिपका, माशी बसल्यासारखा.
तो आम्ही. कनॅब.

सेंट जॉर्ज स्वस्त पडेल. रात्री अकरालाही बर्गर मिळतो,
पण रोज सकाळी त्या गावातून बाहेर पडण्यातच अर्धा जीव जातो.
पेज देखणं, पण ते धरणाकडे तोंड करून बसलंय.
स्प्रिंगडेलला राहाल तर झायन उशाशी
आणि बाकी सगळं वेशीपलीकडे; शिवाय खोलीचं भाडं ऐकून
माझ्या बहिणीची सून कानाला हात लावते,
आणि ती तिथेच खोल्या झाडते.

इथून झायनचं पूर्वेचं फाटक पाऊण तास.
ब्राइस दीड, हरणं आडवी आली नाहीत तर.
उत्तर कडा पावणेदोन, पण लक्षात ठेवा,
सात मैलांवर ॲरिझोना लागतं, आणि उन्हाळ्यात त्यांचं घड्याळ
आमच्याहून तासभर मागे. जाताना एक तास फुकट मिळतो,
येताना परत द्यावा लागतो.
उधारी ठेवत नाहीत.

मी कुठे कुठे गेलेय ते विचारू नका.
बेचाळीस वर्षं हे दुकान. उद्यानंच माझ्याकडे येतात.
ड्रायरची जाळी काढली की कळतं कोण कुठून आलं:
विटेच्या चुऱ्यासारखी, ती झायनची,
नारिंगी, जराशी चिकट, ब्राइसची,
उत्तर कड्याची पिठासारखी फिकी, तिच्यात पाइनच्या सुया,
आणि गुलाबी म्हणजे वाळूच्या टेकड्यांवर
घसरगुंडी खेळलेली पोरं. ती खिशातून कधीच पुरती निघत नाही.
थेन म्हणायचा, व्हर्लीन, तू घरबसल्या भूगोल करतेस.

एकच धूळ मला ओळखता आली नाही.
मी सहा वर्षांची. पहाटे पश्चिमेला उजाडलं.
हो, पश्चिमेलाच. आईने दोरीवर चादरी घातल्या होत्या.
दुपारपर्यंत त्यांच्यावर राखाडी काहीतरी,
वास म्हणून नाही. तिने झटकल्या, पुन्हा धुतल्या,
आणि रात्री आम्ही त्यांच्यावरच झोपलो.
तेव्हाही कुणीतरी कुठेतरी टेबलावर नकाशा पसरला असणार,
नेवाडाच्या वाळवंटावर कर्कटक रोवलं असणार,
वारा कुठल्या बाजूला गेला तर चालेल ते बघत.
ही बाजू चालली.

धाकटी लुडीन. समोरची डेलोरा. मग थेनचा गळा.
पुढे सरकारने एक फॉर्म पाठवला.
त्यात एक रकाना: त्या काळात आपला मुक्काम कुठे होता?
मी लिहिलं, इथेच.
जागा उरली होती म्हणून पुढे लिहिलं, अजूनही.

हं, थांबलं बघा.
मोजे उलटे करून टाकले होते ना? नाहीतर शिवणीत वाळू राहते.
तीन रात्री राहा, जमलं तर चार,
आणि चौथ्या दिवशी गाडीची किल्ली खोलीत विसरा.
संध्याकाळी समोरचे कडे पेटतात,
या दुकानाच्या पायरीवरून दिसतात. तिकीट नाही,
फक्त माझा कुत्रा उठवू नका, तो बहिरा आहे, दचकतो.

सुट्टे आहेत का तुमच्याकडे?
ड्रायर क्वार्टरशिवाय काही घेत नाही.